हेडरची ऑर्डर थांबवा, आधी स्टेअरिंग बसवा

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी भांडुपला राहतो, वय २९. आजोबांच्या धाकट्या भावाची १९५१ सालची शेवरोले पिकअप वसईच्या वाडीत पंचवीस वर्षं उभी होती. याच गाडीतून ते पहाटे फुलं घेऊन दादरला यायचे. मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन ब्लॉकला चीर गेल्यामुळे केव्हाच भंगारात गेलं. आता मी आणि मामा मिळून तिचा हॉट रॉड करतोय, म्हणजे जुन्या गाडीत तगडं इंजिन घालून ती नव्याने बांधतोय. साडेतीनशे क्युबिक इंचाचं शेवरोले स्मॉल ब्लॉक व्ही-८ इंजिन मिळालं आहे. फ्रेम घासून साफ झाली आहे, पुढचा मूळ आय-बीम ॲक्सल ठेवायचा आहे. क्रॉस-स्टेअरिंगचं किट आणि ब्लॉक हगर हेडर (इंजिनाचा धूर बाहेर नेणारे पाइप) अमेरिकेतून एकाच खोक्यात मागवले तर भाडं वाचतं, म्हणून ऑर्डर तयार ठेवली आहे. मामांचं म्हणणं, स्टेअरिंगचं काय, सगळं कुर्ल्यात होतं, पैसे हेडरला घालू. मला हेडर स्टेनलेसचे हवेत आणि टाय रॉडला (पुढची दोन चाकं जोडणाऱ्या दांड्याला) रोझ जॉइंट, म्हणजे उघड्या चेंडूचे सांधे. काय घ्यावं, काय नको?

– एक वाचक, भांडुप

उत्तर

ऑर्डर अजून गेली नसेल तर आज थांबवा. किट चांगलं असेल, हेडरही चांगले असतील, पण दोन्ही डाव्या हाताला बसणाऱ्या ड्रायव्हरसाठी बनलेत. तुमची गाडी उजव्या हाताची. एवढ्या एका गोष्टीने तुमच्या यादीतली निम्मी खरेदी बदलते.

आणि मामांना माझा नमस्कार सांगून सांगा, की हिशेब उलटा धरा. स्टेअरिंगचे सांधे पारखून विकत घ्या, त्यात काटकसर नको. हेडर मात्र मुंबईत, तुमच्याच गाडीवर, सगळ्यात शेवटी बनवून घ्या.

आता कारण सांगतो. बॉनेटखाली डोकं घालून बघा. तुमच्या गाडीत पूर्वी सहा सिलिंडर एका ओळीत होते. त्या इंजिनाचे दोन्ही मॅनिफोल्ड (एक आत घेणारा, एक धूर सोडणारा) एकाच बाजूला, दुसरी बाजू मोकळी. व्ही-८ ला दोन्ही अंगांना चार-चार पाइप. लांबीला ते आखूड आहे, पण रुंदीला पसरतं. त्यात स्मॉल ब्लॉक शेवरोलेचा स्टार्टर उजव्या बाजूला खाली असतो आणि ऑइल फिल्टर डाव्या बाजूला मागे. अमेरिकन गाडीत स्टेअरिंग डावीकडे असल्यामुळे स्टार्टरशी त्याची गाठ पडत नाही. आपल्याकडे स्टेअरिंगचा दांडा, त्याचा बॉक्स, स्टार्टर, चार गरम पाइप आणि फळीखालचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर, हे सगळं उजव्या अंगाला, दोन वितींच्या जागेत येतं. या गर्दीत कुणी हलायचं आणि कुणी नाही, हे आधी ठरलं पाहिजे. पाइप हवा तसा वाकतो. स्टेअरिंगची भूमिती वाकवता येत नाही. म्हणून स्टेअरिंगची जागा आधी, आणि उरलेल्या जागेत हेडर.

तुम्ही पत्रात एक गोष्ट लिहिली नाहीत: गाडीचा मूळ स्टेअरिंग बॉक्स शाबूत आहे का? जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला गाड्या जोडत होती आणि १९५४ पर्यंत ते काम चाललं. तुमची पिकअप त्याच कारखान्यातून बाहेर पडली असण्याची शक्यता मोठी. म्हणजे तिचा बॉक्स जन्मापासून उजव्या हाताचा आहे, आणि असा बॉक्स आज पैसे मोजूनही सहज मिळत नाही. क्रॉस-स्टेअरिंग लावायचं म्हणून तो कुणाला देऊन टाकू नका. आधी उघडून बघा. बेअरिंगच्या वाट्या, सेक्टर शाफ्टची (बॉक्समधून बाहेर येणाऱ्या दांड्याची) झीज, ऑइल सील तपासा. झीज थोडी असेल तर बेअरिंग आणि बुश बदलून तो पुन्हा कामाला लागेल. मी तुमच्या जागी असतो तर पहिला महिना त्या बॉक्सलाच दिला असता.

आता जुनी पद्धत आणि क्रॉस-स्टेअरिंग यातला फरक. जुन्या पद्धतीत बॉक्सच्या त्या दांड्यावर बसणारा ड्रॉप आर्म (तुमच्या कॅटलॉगात त्यालाच पिटमन आर्म म्हटलं असेल) पुढे-मागे हलतो आणि ड्रॅग लिंक फ्रेमच्या कडेने जाऊन त्याच बाजूच्या चाकाला वळवते. ॲक्सल खड्ड्यात वर-खाली होतो तेव्हा पाट्यांबरोबर (लीफ स्प्रिंगबरोबर) एका कमानीत फिरतो. ड्रॅग लिंकचं टोकही आपल्या कमानीत फिरतं. दोन्ही कमानी जुळल्या तर चाक सरळ राहतं, नाही जुळल्या तर खड्डा आला की चाक आपोआप वळतं. यालाच बम्प स्टेअर म्हणतात. कारखान्याने त्या कमानी मूळ उंचीला जुळवलेल्या असतात. तुम्ही हॉट रॉड करताय म्हणजे गाडी खाली बसवणार. दोन पाटे काढले की ड्रॅग लिंकचा उतार बदलतो आणि कारखान्याचं गणित मोडतं. म्हणून गाडी किती खाली बसवायची ते आधी ठरवा, तोवर स्टेअरिंगचा एकही सुटा भाग मोजू नका.

क्रॉस-स्टेअरिंगमध्ये ड्रॉप आर्म डावी-उजवीकडे हलतो आणि ड्रॅग लिंक आडवी जाऊन समोरच्या, म्हणजे आपल्या बाबतीत डाव्या, चाकाला धरते. ही लिंक लांब असावी, टाय रॉडला समांतर असावी, आणि गाडी आपल्या उंचीवर उभी असताना शक्य तितकी आडवी असावी. हे तीन साधले तर खाली बसवलेल्या गाडीत बम्प स्टेअर बराच कमी होतो. फोर्डच्या जुन्या गाड्यांसारखी एकच आडवी पाट्यांची स्प्रिंग असती तर ॲक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून पॅनहार्ड रॉडही लागला असता. तुमच्या उभ्या पाट्या ते काम स्वतः करतात, फक्त शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या कडीचे) बुश ढिले नकोत.

किटात बहुधा व्हेगा बॉक्स असेल. शेवरोले व्हेगा ही सत्तरच्या दशकातली छोटी गाडी, तिचा बॉक्स अमेरिकन हॉट रॉडवाल्यांचा लाडका. तो उजवीकडे बसवताना ब्रॅकेट जुळेना म्हणून काही जण बॉक्स उलटा करतात. असं कधीही करू नका. दांड्याभोवती बॉक्स उलटा फिरवला की ड्रॉप आर्म विरुद्ध दिशेने जातो. स्टेअरिंग उजवीकडे फिरवलं तर गाडी डावीकडे वळेल. टेबलावर बॉक्स शिकंज्यात धरा, ज्या स्थितीत बसवणार त्याच स्थितीत, आणि दांडा फिरवून आर्म कुठे जातो ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. किट घ्यायचंच असेल तर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन इथल्या विक्रेत्यांकडे विचारा. तिथेही ड्रायव्हर उजवीकडे बसतो आणि हॉट रॉडची परंपरा जुनी आहे. तुमचा प्रश्न त्यांनी आधीच सोडवलेला असतो.

रोझ जॉइंटबद्दल माझं मत ठाम आहे: रस्त्यावरच्या गाडीत टाय रॉडला ते नकोत. रेसच्या गाडीत ते छान, कारण प्रत्येक फेरीनंतर कुणीतरी ते तपासतं. त्यांचा चेंडू उघडा असतो. जूनपासून चार महिने मुंबईचा चिखल आणि खारी हवा त्यात जाणार, आणि दोन पावसाळ्यांत खुळखुळा होणार. कायदाही इथे स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम सांगतो, की स्टेअरिंग चाकावर ३० अंशांपेक्षा जास्त प्ले नको, लिंकेजच्या बॉल जॉइंटना रबरी टोप्या हव्यात, आणि बोल्ट किंवा पिना पक्क्या लॉक केलेल्या हव्यात. नियमाचं सोडा, शहाणपण म्हणूनही याहून चांगली तीन कलमं मला सुचणार नाहीत. साधे, फोर्ज केलेले, ग्रीसच्या निपलचे, रबरी बूट असलेले टाय रॉड एंड घ्या. वर कॅसल नट आणि नवी स्प्लिट पिन. जुनी पिन सरळ करून परत घालायची नाही.

मामा म्हणतात तसे टाय रॉड एंड इथे मिळतील का? मिळतील. पण कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर वापरलेले घेऊ नका. तिथून बॉनेटचे बिजागर घ्या, दाराचे हँडल घ्या, स्टेअरिंगचे सांधे नकोत. ऑपेरा हाउस, ग्रँट रोडकडच्या स्पेअरच्या दुकानांतून चांगल्या मेकचे नवे घ्या, आणि घेताना आपला स्टेअरिंग आर्म पिशवीत घालून न्या. कारण खुंटाचा, म्हणजे सांध्यातून निघणाऱ्या निमुळत्या दांड्याचा, उतार. अमेरिकन हलक्या गाड्यांच्या सांध्याचा खुंट साधारणपणे आठास एक या उताराचा असतो, तर मेट्रिक मापाचे बरेच सांधे दहास एक. दोन्ही हातात सारखेच वाटतात. नट आवळला की घट्टही बसतात. पण आत खुंट फक्त एका कडेला टेकलेला असतो, आणि रोज थोडा-थोडा हलत शेवटी तिथेच मोडतो. खुंटाला मार्किंगची निळी शाई पातळ लावा, भोकात बसवून जरा फिरवा, काढा. शाई जवळजवळ सगळीकडे सारखी उमटली पाहिजे. एका कडेलाच रेघ आली तर तो सांधा परत करा. भोक रीमरने मोठं करून बसवतो म्हणणारा भेटेल. त्याच्याकडे त्याच उताराचा टेपर रीमर आहे का ते आधी बघा.

टाय रॉडची नळी सीमलेस हवी, जोड असलेली नको. सात सुतांची (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जाड नळी आणि साडेपाच सुतांचे आटे, एका टोकाला उजवे, एका टोकाला डावे, ही हॉट रॉडमधली रुळलेली मापं. आटे निदान एक इंच आत गेले पाहिजेत. खूण म्हणून रॉडवर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे किती आत आहेत हे नंतरही कळतं.

आणखी दोन गोष्टी, ज्यावर तुमचा आणि मामांचा वाद होऊ नये. स्टेअरिंग आर्म तापवून वाकवायचा नाही, त्याला वेल्डिंग करायचं नाही. आणि त्याला क्रोमही करायचं नाही. मुंबईत क्रोम करणारे खूप, हॉट रॉडवर ते शोभतंही. पण मुलामा चढवताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कडक पोलाद ठिसूळ होतं. तो हायड्रोजन बाहेर काढायला मुलाम्यानंतर भाग ठरावीक तापमानाला भाजावा लागतो, आणि हे काम नेमाने करणारा तुम्हाला ओळखता येईलच असं नाही. बंपर चमकवा. आर्मला काळा रंग द्या.

आता तो दांडा, जो बॉक्सपासून वर ड्रायव्हरपर्यंत येतो. इथे मी माझ्याच हातून झालेली चूक सांगतो. लालबागच्या एका गॅरेजमध्ये मी उमेदवारी संपवून नुकताच स्वतंत्र काम करायला लागलो होतो. एका जुन्या गाडीत मोठं इंजिन बसवलं, हेडर तयार विकत आणले, आणि उजवीकडचा एक पाइप स्टेअरिंगच्या रबरी कपलिंगपासून जेमतेम दोन सुतांवर राहिला. उभ्या गाडीत काही लागत नव्हतं, म्हणून मी तसाच ठेवला. खंडाळ्याचा घाट चढून गाडी वर आली तेव्हा स्टेअरिंग फिरवलं की चाक थोडं उशिरा वळत होतं. कपलिंगचं रबर उकलून मऊ झालं होतं. मालक शहाणे, तिथेच थांबले आणि मला निरोप धाडला. त्या दिवसापासून मी कुठल्याही पाइपला स्टेअरिंगच्या एक इंच जवळ येऊ दिलेलं नाही.

एक इंच हे मापही उभ्या गाडीचं आहे, हे लक्षात ठेवा. इंजिन रबरी माउंटिंगवर असतं. एक्सिलरेटर दाबला की या इंजिनाची डावी बाजू उचलते आणि उजवी खाली दबते. आपलं स्टेअरिंग उजवीकडेच. म्हणून गाडी जॅकवर असताना इंजिनाला पहारीने हलकं ढकलून बघा, आणि मग अंतर मोजा. रबरी कपलिंगऐवजी सुई बेअरिंगचे पोलादी युनिव्हर्सल जॉइंट लावा. दोन जॉइंटमध्ये रस्ता निघत असेल तर उत्तम, मात्र दोघांचे काटे एका रेषेत हवेत, नाहीतर स्टेअरिंग एका फेरीत कधी जड, कधी हलकं लागतं. तीन जॉइंट लागले तर मधल्या दांड्याला फ्रेमवर आधाराचं बेअरिंग द्यायलाच हवं, अन्यथा तो दोरी उड्यांच्या दोरीसारखा फिरतो. ही एक जागा आहे जिथे रोझ जॉइंट चालतो, त्या आधाराच्या कामाला. स्टार्टर मूळचा ठेवू नका, गिअर रिडक्शनचा छोटा घ्या. दोन बोटं जागा मिळते, आणि या गर्दीत दोन बोटं खूप.

हे सगळं बसलं, चाकं दोन्हीकडे पूर्ण वळवून झाली, पाट्यांचे मधले पान काढून ॲक्सल वर-खाली करून पाहिला, टाय रॉड सम्पला (इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याला) लागत नाही याची खात्री झाली, की मग हेडर. सम्प मागे असलेलाच ठेवा, पुढे खोल असलेला नको.

ब्लॉक हगर आखूड असतात, इंजिनाला चिकटून जातात. जागा वाचवतात, ताकद फारशी वाढवत नाहीत. तरीही स्टेअरिंगच्या बाजूला तयार ब्लॉक हगर बसेल असं मी लिहून देणार नाही. त्याआधी एक पर्याय विचारात घ्या: शेवरोलेचेच ओतीव मॅनिफोल्ड, ज्यांना रॅम्स हॉर्न म्हणतात. मध्यभागी खाली तोंड, दिसायला देखणे, आवाजाला शांत, आणि गळतीची कटकट नाही. रस्त्यावर फिरणाऱ्या साडेतीनशेच्या इंजिनाला त्यांचं काही अडत नाही. जुन्या गाडीत ते शोभतात. मोकळ्या मनाने एकदा बसवून बघा. खालचं तोंड स्टेअरिंग बॉक्सवर आलं नाही तर तुमचा प्रश्न तिथेच मिटला.

ते न जमल्यास हेडर बनवून घ्या. इंजिन फ्रेमवर, स्टेअरिंग जागेवर, आणि कारागीर गाडीपाशी, गाडी त्याच्या फोटोत नव्हे. आधी प्रत्येक पाइपची वाट सळई वाकवून ठरवा, मग पाइप कापा. पाइपचा बाहेरचा व्यास एक इंच पाच सूत ठेवा. इंजिन अगदी साधं असेल तर दीड इंचही पुरतो. पावणेदोन इंच म्हणजे खूप वेगाने फिरणाऱ्या इंजिनाचं काम, त्याने तुमच्या गाडीचा खालचा जोर जाईल. चार पाइपांची लांबी अगदी सारखी करायच्या नादात स्टेअरिंगला घासू नका. या इंजिनाच्या सिलिंडरांत ठिणगी पडण्याचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे, म्हणजे दोन्ही बाजूंना एकेकदा दोन ठोके लागोपाठ येतात, आणि लांबी बरोबर केली तरी ते सगळं सपाट होत नाही. फ्लँज (इंजिनाला टेकणारी पट्टी) तीन सुतांची हवी. पातळ फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकते आणि मग कितीही पॅकिंग घाला, फुसफुस थांबत नाही.

स्टेनलेसचा तुमचा आग्रह मला पटतो, समुद्राकाठच्या गावात तो योग्यच आहे. ३०४ ग्रेडचा पाइप गुलालवाडी-कुंभारवाड्याकडे मिळेल. पण साध्या पोलादापेक्षा तो तापल्यावर सुमारे दीडपट जास्त वाढतो, त्यामुळे कलेक्टरला (चार पाइप एक होतात तिथे) सरकता जोड ठेवा, सगळं जाम वेल्ड करू नका. आणि टिग वेल्डिंग करताना पाइपच्या आतूनही अर्गॉन वायू सोडणारा कारागीर शोधा. आतून अर्गॉन नसेल तर सांध्याच्या मागे धातू जळून काळा, खरखरीत होतो आणि तिथूनच चिरतो. असा कारागीर न मिळाल्यास दोन मिलिमीटर जाडीचा साधा पाइप आणि सिरॅमिक कोटिंग, हे वाईट स्टेनलेसपेक्षा कितीतरी बरं. हेडरला कापडी पट्टी गुंडाळायची हौस मात्र टाळा. पावसाळ्यात ती ओल धरून ठेवते आणि आतला साधा पाइप पापडासारखा होतो. स्टार्टर आणि मास्टर सिलिंडरसाठी पत्र्याची ढाल करा, मध्ये हवा खेळेल एवढी जागा सोडून. ब्रेकचं तेल तापून उकळलं तर पाय फळीला टेकतो आणि गाडी थांबत नाही.

धूर बाहेर सोडताना नियम ११२ आणि ११३ बघा. धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडे सोडायचा, आणि एक्झॉस्टचा पाइप पेट्रोलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नको. हॉट रॉडच्या चित्रांत दोन्ही कडांना उघडे पाइप दिसतात, त्यातला डावा आपल्याकडे चालणार नाही. सायलेन्सर तर हवाच.

कागदांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण फ्रेमला पहिलं भोक पाडण्याआधी ते ठरवा. आरसीवरच्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं आहे. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, लेखी. २०२१ साली ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीची वेगळी मालिका आली, पण ती मूळ रूपातल्या गाड्यांना आहे. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केला की ते दार बंद. वसईची ती फुलांची गाडी कुठल्या रूपात जपायची, हा निर्णय घरातल्या थोरांना विचारून घ्या. मूळ फ्रेम न कापता, बोल्टने बसणाऱ्या ब्रॅकेटांवर सगळं उभं केलंत तर उद्या परत फिरायची वाट तरी मोकळी राहील.

मूळ बॉक्स उघडलात की सेक्टर शाफ्टचा व्यास आणि बुशची झीज मोजून पाठवा. आणि इंजिन फ्रेमवर नुसतं टेकवून, उजव्या बाजूचा एक फोटो वरून आणि एक खालून काढा. रॅम्स हॉर्न बसतील की हेडर बनवावे लागतील, हे त्यावरून सांगता येईल.